वाकळेची शिवण आणि घरगुती शिवणयंत्र

जुन्या वस्त्रांचे थर एकावर एक रचावयाचे, धावदोऱ्याने ते एकजीव करावयाचे आणि त्यांतून अंथरूण-पांघरूण सिद्ध करावयाचे, ही रीत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. या वस्तूला कोठे गोधडी म्हणतात, कोठे वाकळ. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव व औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. या भागाच्या ग्रामीण बोलीत वाकळ हा शब्द चांगला रुळलेला आहे, म्हणून प्रस्तुत लेखात तोच स्वीकारला आहे. पायाने चालविण्याचे शिवणयंत्र आता खेड्यातील घरांतही येऊन पोहोचले असल्यामुळे वाकळही त्यावर शिवली जाऊ लागली आहे. हाताची वाकळ श्रेष्ठ की यंत्राची, या प्रश्नाचे उत्तर बहुधा आवडीनिवडीच्या भाषेत दिले जाते. एकाला हाताच्या शिवणीत मायेची ऊब दिसते, तर दुसऱ्याला यंत्राच्या टिपेत टापटीप दिसते. परंतु हा प्रश्न मुख्यतः रचनेचा आहे, आणि दोन्ही पद्धतींत सुई, दोरा व कापड यांचा परस्परसंबंध कसा बदलतो हे पाहिल्यावाचून त्याचे समाधानकारक उत्तर मिळणार नाही.

प्रथम शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. वाकळ या शब्दाची व्युत्पत्ती संस्कृत वल्कल या शब्दापासून सांगितली जाते. संस्कृतात याच वस्तूला कन्था असे नाव आहे, आणि बंगालमधील प्रसिद्ध कांथा हे त्याचेच रूप होय. मराठीत पासोडी हाही जाड पांघरुणाचा वाचक शब्द असून, सोळाव्या शतकातील अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ज्या लांबलचक वस्त्रावर आपले पंचीकरण लिहिले ते वस्त्र पासोडी याच नावाने ओळखले जाते. या सर्वांहून लेप निराळा. लेपात पिंजाऱ्याने पिंजलेला कापूस भरतात. वाकळेत कापूस नसतो, केवळ कापडाचे थर असतात. हिंगोलीसारख्या कापूस पिकविणाऱ्या मुलखात पांघरुणाच्या पोटात मात्र कापूस नसावा, ही विसंगती वरवरची आहे. कापूस हे विकावयाचे पीक. वाकळ ही विकत न आणलेल्या, घरातच जीर्ण झालेल्या वस्त्रांची वस्तू. गादीला व लेपाला पैसे पडतात, वाकळेला श्रम पडतात. हा भेद येथे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की यंत्रावर रजई शिवण्याविषयीचे जे परदेशी मार्गदर्शन उपलब्ध आहे, ते वरचे कापड, मधला भराव व अस्तर अशा तीन थरांच्या रजईला उद्देशून लिहिलेले असते. पाच-सात थरांच्या वाकळेला ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

याच जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि नामदेव शिंपी होते हे सर्वश्रुत आहे. गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या पदांत मनाला गजाची आणि जिभेला कात्रीची उपमा आलेली आहे. गज आणि कात्री! शिंप्याच्या व्यवसायाचा सारा गाभा या दोन हत्यारांत आहे. अंगाचे माप घ्यावयाचे, नवे कापड मापाने बेतावयाचे, आणि मग शिवावयाचे. वाकळेचे शास्त्र याच्या अगदी उलट आहे. तिला गज लागत नाही. वीत आणि हात पुरतात. तिचे कापड नवे नसते, आणि ते कापण्यापेक्षा न कापता बसविण्याकडेच शिवणारीचा कल असतो. वाकळ शिंप्याने शिवल्याचे फारसे ऐकिवात नाही. ती घरातील बायकांनीच शिवावयाची. शिवणयंत्र गावात आले ते मात्र शिंप्याच्या ओसरीवर आले, आणि तेथून घरात शिरले. नवे कापड, दोन-तीन थर, मापात बेतलेले लहान तुकडे ही शिंप्याची गृहीतके त्याच्या रचनेतच मुरलेली आहेत. वाकळ यंत्राला जड जाते ती याच कारणाने.

आता हाताच्या शिवणीची पद्धत पाहू. हे काम प्रायः उन्हाळ्यात निघते. शेतीची कामे उरकलेली असतात, जमीन कोरडी असते, आणि दुपार मोठी असते. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर अस्तराचे कापड पसरून त्याच्या सुरकुत्या हाताने काढतात. त्यावर जुनी धोतरे, लुगड्यांचे भाग, परकर, सदऱ्यांचे उसवलेले तुकडे असे थर रचतात. जेथे कापड विरलेले असेल तेथे आणखी एक तुकडा पडतो. सर्वांवर त्यातल्या त्यात धड असलेले लुगडे येते. नऊवारी लुगड्याची लांबी सत्तावीस फूट. त्याचे चार समान भाग केले तर प्रत्येक भाग पावणेसात फुटांचा होतो, आणि वाकळेची लांबी साधारण तेवढीच असते. लुगड्याचा पन्हा मात्र चार फुटांच्या आसपास असल्यामुळे पाच फूट रुंदीसाठी जोड द्यावा लागतो. वरचे कापड चहूबाजूंनी थोडे मोठे ठेवून त्याच्या कडा आत दुमडतात आणि कडेपासून धावदोरा घालावयास सुरुवात करतात. एक फेरा पूर्ण झाला की त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, त्याच्या आत तिसरा, असे करीत शिवण मध्याकडे जाते. शिवणारी बाई जमिनीवर, पुष्कळदा वाकळेवरच, बसलेली असते आणि शिवणीबरोबर ती पुढे सरकते.

या शेवटच्या वाक्यात या विषयाचे मर्म आहे. हाताच्या शिवणीत वाकळ स्थिर असते आणि सुई तिच्यावरून प्रवास करते. यंत्राच्या शिवणीत सुई एका जागी वरखाली होते आणि वाकळेला तिच्याखालून प्रवास करावा लागतो. दोन्ही पद्धतींमधील जवळजवळ सर्व भेद या एका उलटापालटीतून निघतात.

यंत्राची रचना थोडक्यात अशी. एलियास हाउ याने १८४६ साली अमेरिकेत ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात सुईचे नेढे टोकाजवळ आणून दोन दोऱ्यांचा टाका साधला होता. १८५१ साली आयझॅक सिंगर याने आपल्या सुधारलेल्या यंत्राचे पेटंट घेतले. सुई वरचा दोरा घेऊन कापडातून खाली जाते, खालच्या बॉबिनचा दोरा त्यात अडकतो आणि दोहोंचा वेढा कापडाच्या पोटात बसतो. प्रत्येक टाक्यानंतर सुईच्या खालचे दाते कापड पुढे ओढतात आणि वरचा पाय ते दाबून धरतो. गांधीजींनी यंत्रांवर टीका करताना सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता, हे १९२४ मधील त्यांच्या एका संवादावरून सर्वांना ठाऊक आहे. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरला हे यंत्र सुचले, अशी त्यांची समजूत होती. इतिहासाच्या कसोटीवर ती कितपत टिकेल हा प्रश्न वेगळा. पण घरातील स्त्रीचे श्रम कमी करणारे यंत्र ही त्याची प्रतिष्ठा भारतात दीर्घकाळ टिकली, यात संशय नाही.

हे श्रम वाकळेच्या बाबतीत किती कमी होतात याचा हिशेब मांडून पाहावा. सात फूट लांब व पाच फूट रुंद वाकळेत एक इंच अंतराने उभ्या ओळी घातल्या तर साठ ओळी होतात आणि शिवणीची एकूण लांबी ४२० फूट भरते. हाताने इंचाला पाच टाके धरले तर पंचवीस हजारांवर टाके होतात. यंत्राने इंचाला दहा या प्रमाणाने ते पन्नास हजारांवर जातात; परंतु मिनिटाला सहाशे टाक्यांच्या गतीने हे सारे दीड तासाच्या आत उरकावे. प्रत्यक्षात तसे घडत नाही. धावदोऱ्याला एकच दोरा, शिवणीच्या लांबीहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे १५० मीटर लागतो. यंत्राला वरचा व खालचा मिळून साडेतीनशे मीटरांहून अधिक दोरा लागतो आणि बॉबिन निदान तीन वेळा भरावी लागते. वेळ खरा जातो तो वाकळ सरकविण्यात. घरगुती यंत्राच्या सुईपासून त्याच्या खांबापर्यंतचे अंतर जेमतेम सात-आठ इंच असते. मधली ओळ घालताना अडीच फूट रुंदीची वाकळ गुंडाळी करून या कमानीत बसवावी लागते. गुंडाळी बसते, पण तिचे ओझे यंत्रापासून खाली लोंबू लागते. ते दात्यांना ओढवत नाही, टाके आखडतात आणि सुई मोडते.

कडेकडून मध्याकडे जाणारी पारंपरिक आखणी यंत्रावर घ्यावयाची तर तीस फेरे आणि प्रत्येक फेऱ्यात चार कोपरे, म्हणजे सुई कापडात ठेवून सारी वाकळ एकशे वीस वेळा वळवावी लागेल. म्हणून यंत्रावर ओळी सरळ व समांतर येतात. फेऱ्यांची वाकळ जाऊन पट्ट्यांची वाकळ आली, याचे कारण रुचिपालटात शोधण्याचा मोह होतो. कारण वस्तुतः कमानीच्या सात इंचांत आहे. आणखी एक परिणाम सामाजिक स्वरूपाचा आहे. जमिनीवर पसरलेल्या वाकळेच्या चार बाजूंना चौघीजणी बसू शकतात. सासू एका काठाला, लेक दुसऱ्या, शेजारीण तिसऱ्या. यंत्रापुढे बसावयास जागा एकीचीच. दुसरी फार तर पलीकडून वाकळ धरून उभी राहील.

थर सरकण्याची अडचण याहून सूक्ष्म आहे. दाते सर्वांत खालच्या थराला पुढे नेतात, वरचा पाय सर्वांत वरच्या थराला मागे रोखतो. दोनच थर असले तर हा फरक जाणवत नाही. पाच-सहा सुटे थर असले तर प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित मागे राहतो, आणि सात फुटांच्या ओळीच्या शेवटी वरच्या कापडाचा फुगा साचतो. पुढची ओळ उलट दिशेने घातली की फुगा दुसऱ्या टोकाला जातो आणि दोन ओळींमध्ये तिरक्या सुरकुत्या पडतात. हाताच्या शिवणीत हा दोष येत नाही, कारण तेथे थर ओढणारे कोणी नसते. सुई चार-पाच टाके एका वेळी घेते आणि डाव्या हाताचा तळवा कापड तेथल्या तेथे बसवीत जातो.

यात कापडाच्या बदलाचीही भर पडली आहे. सुती लुगड्याची जागा मोठ्या प्रमाणावर कृत्रिम धाग्याच्या साडीने घेतली. जुने सुती कापड खरखरीत. थर एकमेकांना धरून राहतात. पण ते विरलेले असते, आणि इंचाला दहा-बारा भोके पडली की पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखी फाटण्याची रेषाच तयार होते. कृत्रिम साडी त्या भोकांना दाद देत नाही, परंतु ती निसरडी असल्यामुळे थर अधिकच सरकतात. म्हणजे जे कापड यंत्राखाली नीट बसते ते यंत्राचे टाके सोसत नाही, आणि जे टाके सोसते ते नीट बसत नाही. शिवाय कृत्रिम कापड घाम टिपत नाही, ही पांघरणाऱ्याची तक्रार वेगळीच.

तथापि या सर्वांहून महत्त्वाचा भेद वाकळ शिवून झाल्यानंतरच्या आयुष्यात आहे. वाकळ ही एकदाच घडवावयाची वस्तू नव्हे. काही वर्षांनी तिचे वरचे कापड झिजते. मग त्यावर नवे जुनेर घालून ती पुन्हा शिवतात. फारच जड झाली तर उसवून दोन करतात, किंवा तिच्यातील धड भागांची बाळासाठी दुपटी होतात. धावदोरा एका टोकाने धरून ओढला की सरसर निघून येतो. त्याचा तो गुण आहे, दोष नव्हे. यंत्राची टीप दोन दोऱ्यांच्या वेढ्याने प्रत्येक टाक्याला बांधलेली असते. ती एकेक टाका कापूनच उसवावी लागते, आणि जुन्या कापडात तसे करताना कापडच जाते. बोलीनेही हा भेद टिपलेला दिसतो. टाका घालतात, पण टीप मारतात. टीप मारलेली वाकळ सहसा पुन्हा उघडली जात नाही. फाटली की ती पायपुसण्याच्या किंवा बैलाच्या पाठीवरील झुलीच्या कामी येते. जी वस्तू दोन पिढ्या नूतन होत राहिली असती ती अशा रीतीने एका आयुष्याची होते. वेळेच्या बचतीचा हिशेब करताना ही बाजू मांडलीच जात नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

याचा अर्थ यंत्र वाकळेला निरुपयोगी आहे असा मात्र नाही. त्याचे योग्य स्थान ठरविले पाहिजे. लुगड्याच्या पट्ट्यांचे जोड, ठिगळांची सलग चादर करणे आणि कडेची मगजी ही तीन कामे यंत्र हातापेक्षा निःसंशय चांगली करते. तेथे थर दोन-तीनच असतात, आणि शिवण उसवण्याची गरज क्वचितच पडते. सर्व थर यंत्रानेच बांधावयाचे असल्यास थरांची संख्या चारपर्यंत मर्यादित ठेवावी. आडवा व उभा असा वीतभर अंतराने कच्चा दोरा घालून थर आधी हाताने बांधावेत. बऱ्याच वाकळा बिघडतात त्या या कामाचा कंटाळा केल्यामुळे. पहिली टीप नेमकी मध्यावर घालावी, नंतर एका अर्ध्या भागात मध्याकडून कडेकडे जावे, मग वाकळ फिरवून दुसरा अर्धा भाग घ्यावा, म्हणजे साचणारे कापड मध्ये न अडकता कडेला निघून जाते. सर्व ओळी एकाच टोकापासून सुरू कराव्यात. टाका मोठा, इंचाला सहा-सात, ठेवावा. पायाचा दाब कमी करावा. सुई सोळा किंवा अठरा क्रमांकाची वापरावी. ओळींमधील अंतर दोन-तीन इंच चालते, कारण टीप धावदोऱ्यापेक्षा घट्ट धरते. यंत्राच्या मागे व डावीकडे खाट किंवा बाज लावून वाकळेचा भार तिच्यावर ठेवावा, हा उपाय साधा असला तरी सर्वांत गुणकारी आहे. वरच्या थरालाही दात्यांनी पुढे नेणारा जोडपाय बाजारात मिळतो. तो बसविल्यास थर सरकण्याचा दोष पुष्कळच कमी होतो.

मगजीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण वाकळ प्रथम फाटते ती कडेला, त्यातही तोंडाकडच्या बाजूला. हाताच्या वाकळेत वरचे कापडच दुमडलेले असते. ते झिजले की आतले थर उघडे पडतात. मगजी ही स्वतंत्र पट्टी असल्यामुळे तेवढीच बदलता येते. तिच्यासाठी नवे किंवा न विरलेले सुती कापड घ्यावे. सरळ कडांना उभ्या धाग्यातील पट्टी पुरते. उरेब पट्टी लागते ती कुंचीसारख्या गोलाई असलेल्या कामाला. सरळ कडेला उरेब पट्टी लावणे म्हणजे कापड वाया घालविणे, शिवाय ती ओढली जाऊन कड लाटांसारखी होते. पट्टी प्रथम वरच्या बाजूने टीप मारून जोडावी, कोपऱ्यावर पाव इंच आधी थांबून पट्टी तिरकी दुमडावी, आणि मागील बाजू हाताने तुरपावी. मागील बाजूही यंत्राने शिवण्याची घाई केली की खालची टीप कोठे काठावर, कोठे काठाबाहेर पडते. ओळींच्या टोकांचे दोरे तसेच कापून टाकू नयेत. वरचा व खालचा दोरा गाठ मारून सुईने थरांच्या पोटात ओढून घ्यावा.

हाताच्या व यंत्राच्या शिवणीचा हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत रजई हाताने शिवलेलीच खरी, असा समज दीर्घकाळ होता; १९८९ साली केंटकी राज्यातील पडूका येथे अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्राने शिवलेल्या रजईला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. पण तेथील रजई नव्या कापडाची आणि बहुधा पाहण्यासाठी केलेली. धुण्याघासण्याचा, उसवून पुन्हा शिवण्याचा प्रश्न तेथे तितक्या निकडीने उभा राहत नाही.

आपल्याकडे प्रश्न वेगळ्या रीतीने निकडीचा होतो. यंत्र आल्यावर वाकळ शिवणे हे मजुरीचे काम होऊ शकले, ही गोष्ट लहान नव्हे. ज्या घरात शिवणारे हात उरले नाहीत तेथील जुन्या साड्या यंत्रवाल्या बाईकडे जातात, आणि तिला घरबसल्या चार पैसे मिळतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांचा समावेश आहे. त्यांत शिंपी आहे, चटई व झाडू करणारे आहेत, जाळी विणणारेही आहेत, परंतु वाकळ शिवणारी स्वतंत्रपणे नाही. तिची गणना व्हावयाची तर ती शिंपी म्हणून, म्हणजे व्यवहारतः यंत्र असल्यासच, होते. केवळ सुईवर पंचवीस हजार टाके घालणारीचे कौशल्य कोणत्या नावाखाली नोंदवावयाचे, हे अद्याप ठरलेले नाही. मजुरीच्या दरातही याच अनिश्चिततेचे प्रतिबिंब पडते. यंत्राच्या वाकळेचा दर नगावर ठरतो. हाताच्या वाकळेला दिवस लागतात, पण ते दिवस धरून दर मागितला तर गिऱ्हाइकाला तो परवडत नाही.

वाकळेची परीक्षा अखेर पाण्यात होते. नवरात्राच्या आधी घरातील सगळी अंथरुणे-पांघरुणे धुण्याची चाल या भागात आहे, आणि कयाधूसारख्या नदीच्या काठी तेव्हा वाकळांच्या रांगा वाळत पडतात. भिजलेली वाकळ एकीला उचलत नाही. ती दोघींनी पिळावी लागते आणि त्या पिळात प्रत्येक टाक्यावर ताण येतो. धावदोऱ्याचे लांब टाके थोडे सरकतात आणि ताण वाटून घेतात. यंत्राची घट्ट टीप सरकत नाही; दोरा कापडापेक्षा बळकट असेल, आणि आजचा कृत्रिम दोरा तसा असतोच, तर तो स्वतः न तुटता विरलेले कापड कापतो. म्हणून जुन्या सुती वाकळेसाठी यंत्रातही सुती दोराच घ्यावा. तो तुटला तर एक ओळ पुन्हा घालता येते.